दवंडी देणाऱ्यांची लेखणी
(सातारा-सांगलीची वृत्तपत्रे आणि आपला समाज)

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. स्मरणिका म्हणजे समाजाची आठवणवही. विहाराची जागा कशी मिळाली, विटा कोणी वाहिल्या, वर्गणी कोणी गोळा केली, याची नोंद या वहीत होईलच. पण एक नोंद आपण सहसा करत नाही. आपल्या वस्तीची बातमी आजवर कोणी लिहिली? वर्तमानपत्रात आपण वाचक म्हणून आहोत, १४ एप्रिलच्या पुरवणीत फोटोत आहोत, जाहिरातीत शुभेच्छुक म्हणूनही आहोत. पण बातमी लिहिणाऱ्या टेबलापाशी, ती पहिल्या पानावर घ्यायची की आतल्या पानात एका कोपऱ्यात टाकायची हे ठरवणाऱ्या खुर्चीवर, आपण किती आहोत?

हा प्रश्न काही नोकरीपुरता नाही. बातमी ज्याच्या हाती असते त्याच्या डोळ्याने गाव दिसते. म्हणून सातारा-सांगलीच्या मातीत या प्रश्नाचा इतिहास काय आहे, तो आपल्या घरांपुढे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे. (आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या काळापुरते हे एकच घर समजावे.)

गावची बातमी कोण नेत होते?

तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. वर्तमानपत्र येण्यापूर्वी आणि आल्यावरही कितीतरी वर्षे खेड्यातली बातमी पायाने चालत होती. आणि ते पाय आपल्या बापजाद्यांचे होते. तराळ, वेसकर ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. गावात दवंडी द्यायची तराळाने. सरकारी टपाल, सारा भरण्याचा निरोप एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायचा तराळाने. कोणाच्या घरी माणूस गेलं की पाहुण्यारावळ्यांना मयताचा सांगावा घेऊन रातोरात पळायचं तेही महारानेच. नदीला पूर असो की उन्हाने पाय भाजोत, "जातो, महाराज" म्हणायचं आणि निघायचं. पाहुण्याच्या दारात पोचल्यावर मात्र उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बातमी सांगायची. बदल्यात काय? कोरभर भाकरी, सुगीला थोडं बलुतं.

म्हणजे पाहा, बातमी पोचवण्याचे काम शतकानुशतके आपल्याकडे होते. लग्नाची, मयताची, साऱ्याची, साहेब येणार असल्याची, सगळ्या गावाची खबर आपल्या तोंडून गावाला कळत होती. फक्त त्या खबरेत आपण स्वतः कुठेच नव्हतो. आपली उपासमार, आपला पाण्याचा प्रश्न, आपल्या लेकीबाळींवरचा अन्याय यांची दवंडी कधी पिटली गेली नाही.

पुढे छापखाना आला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले. तो दिवस आज महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. बातमी कागदावर आली, तिला मान आला, पैसा आला, सरकारदरबारी वजन आले. नेमक्या त्याच वेळी ती वाहणाऱ्याच्या हातून सुटली. कारण आता पायाचे काम राहिले नव्हते, अक्षराचे काम आले होते. आणि अक्षर ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते, वर्तमानपत्रही त्याच घरांत गेले. तराळाकडे उरली दवंडी आणि सांगावा. १८७४ च्या वतन कायद्याने ती राबणूक तशीच बांधून ठेवली. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

काटगुणाच्या फुल्यांपासून

बहुजन समाजाला आपले वर्तमानपत्र हवे, हा विचार ज्या घराण्यातून आला त्याचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले. महात्मा जोतीराव फुल्यांचे पूर्वज खटाव तालुक्यातल्या काटगुणचे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख आपल्या दुःखाच्या जातीचे वाटले. म्हणून पुढे अमेरिकेची उदाहरणे दिली, तर ती ओढूनताणून आणलेली आहेत असे कोणी समजू नये. हा धागा फुल्यांनीच ओवलेला आहे.

फुल्यांच्या पुस्तकांची विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त खिल्ली उडवली गेली. उत्तर द्यायला स्वतःचा कागद हवा होता. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईतून चालवले. याच 'दीनबंधु'त पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर लिहू लागले. अस्पृश्य समाजातला माणूस वर्तमानपत्रात सही करून लिहितो, धर्मशास्त्राला प्रश्न विचारतो, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. पण जागा दुसऱ्याच्या घरातली होती. स्वतःचे घर बांधले शिवराम जानबा कांबळे यांनी. १९०८ साली पुण्यात त्यांनी 'सोमवंशीय मित्र' मासिक काढले. नागपुरात किसन फागूजी बनसोड्यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी एकामागून एक पत्रे काढली. ही पत्रे टिकली नाहीत, कारण वर्गणीदार गिरणीतले, गोदीतले, छावणीतले; पोटाला चिमटा काढून वर्गणी देणार तरी किती! पण पायवाट पडली.

साताऱ्याच्या शाळेतला भिवा

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. १९०१ च्या उन्हाळ्यात हा मुलगा भाऊ आणि भाच्यासह वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर प्रवास झाला. डब्यात भाकरी होती, पण घशाखाली उतरवायला पाणी नव्हते. कोणी दिलेच नाही.

आता विचार करा, या घटनेची बातमी त्या वेळी कोणत्या वर्तमानपत्रात आली असेल? कोण लिहिणार? स्टेशनमास्तर? गाडीवान? जी गोष्ट रोज घडते आणि जिच्यात लिहिणाऱ्याला काही वावगे वाटत नाही, तिची बातमी होत नाही. ती हकीकत जगाला कळली ती त्या मुलानेच मोठेपणी, तीस-पस्तीस वर्षांनी, इंग्रजीत लिहून ठेवली म्हणून. आणि ती पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली १९९० साली. मसूरची बातमी छापून यायला जवळपास नव्वद वर्षे लागली!

हाच मुलगा पुढे संपादक झाला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिले त्याचा आशय असा की, मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, इतरांची पर्वा करीत नाहीत. आणि एका जातीचे नुकसान करणारा शेवटी सगळ्यांबरोबर स्वतःही बुडतो, कारण सगळे एकाच बोटीत आहेत. या पत्राची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली होती. पैसे देऊ करूनही ती छापली गेली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मार्च १९२० मध्ये शेजारच्या कोल्हापूर संस्थानात माणगावला परिषद झाली, तिचा वृत्तांत मात्र 'मूकनायका'ने मनापासून दिला. आपल्या सभेची आपल्या माणसाने लिहिलेली बातमी ती हीच.

बाबासाहेब लंडनला गेल्यावर ज्ञानदेव घोलपांनी काही काळ संपादन केले. १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, सवर्णांच्या पत्रांनी झोड उठवली, आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' उभे राहिले. मदतीला माणूस नाही, पैसा नाही. चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. १९२८ साली 'समता', २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता'. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशा निरनिराळ्या जातींच्या माणसांनी ही पत्रे सांभाळली, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत आपल्याला दार बंद होते. आपल्या कचेरीचे दार बाबासाहेबांनी कोणाला बंद केले नाही. 'जनता' पंचवीस वर्षे चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले.

जुनी माणसं सांगतात, 'जनता'चा अंक तक्क्यात यायचा. वाचता येणारा एखादाच. तो कंदिलाजवळ बसून वाचायचा आणि बाकी महारवाडा ऐकायचा. गावोगावचे लोक मोडक्या अक्षरात पत्रे लिहायचे : आमच्या गावी पाण्याला अटकाव आहे, आमचे बलुते बंद केले, आमच्यावर बहिष्कार आहे. ती पत्रे छापून यायची. दवंडी पिटणाऱ्यांनी स्वतःसाठी दिलेली ती पहिली दवंडी होती.

मोजणी बाबासाहेबांनीच सुरू केली

कचेरीत कोण बसते यावरून बातमी कशी येणार हे ठरते, हा मुद्दा आज परदेशी विद्वान मांडतात. बाबासाहेबांनी तो १९४५ सालीच मांडला होता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट सांगितले, की देशभर बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेसची माणसे एकाच जातीतून, मद्रासकडच्या ब्राह्मणांतून आलेली आहेत, आणि म्हणून अस्पृश्यांची बाजू जगापुढे जात नाही. बाबासाहेबांनी येथे कोणाला शिव्या दिल्या नाहीत. कोण कुठे बसले आहे ते पाहिले आणि परिणाम सांगितला.

अमेरिकेतही कृष्णवर्णीयांची वाट अशीच. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी 'फ्रीडम्स जर्नल' काढले, कारण इतरजण फार दिवस त्यांच्या वतीने बोलत होते. १९०५ साली निघालेले 'शिकागो डिफेंडर' रेल्वेच्या डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय नोकर दक्षिणेकडच्या गावोगावी पोचवत. तिकडचा पोर्टर आणि इकडचा तराळ, दोघेही बातमी वाहणारेच! १९६७ च्या दंगलींनंतर सरकारने नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ साली अहवाल दिला : वर्तमानपत्रे गोऱ्यांच्या डोळ्यांनी जग पाहतात, संपादकीय कामात कृष्णवर्णीय शंभरात पाचसुद्धा नाहीत. मग १९७८ साली तिथल्या संपादकांच्या संघटनेने ठराव केला, की सन २००० पर्यंत कचेरीतले अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येइतके करायचे. दरवर्षी मोजणी सुरू झाली. १९७८ साली शंभरात चार होते, २००० साली सुमारे बारा झाले. पण लोकसंख्येतला वाटा त्याच्या दुपटीहून जास्त होता. मुदत वाढवून २०२५ केली. पुढे पुढे तर आकडे पाठवणारी वृत्तपत्रेच कमी होत गेली. म्हणजे तिकडेही काम पुरे झाले नाही. पण एक फरक आहे : त्यांनी मोजले. न मोजलेल्या गोष्टीला "असं काही नाहीच" म्हणणे सोपे असते.

सातारा-सांगलीच्या लेखण्या

आपल्याकडे लिहिणारे नव्हते म्हणून जागा मिळाली नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला या दोन जिल्ह्यांचा नकाशा दाखवावा.

आटपाडी पाहा. तेव्हा औंध संस्थानात, आता सांगली जिल्ह्यात. तिथे ११ जुलै १९२१ रोजी शंकरराव खरातांचा जन्म झाला. घरात तराळकी. शिकून ते वकील झाले, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केले. त्यांच्या पुस्तकांची नावेच वाचा : 'सांगावा', 'दौंडी', 'तराळ-अंतराळ'. बापाच्या पायाने चाललेला सांगावा मुलाने कागदावर आणला. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तराळाच्या घरातून संपादकाच्या खुर्चीवर जाता येते, याचा याहून मोठा दाखला कुठला?

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. आपले मातंग बांधव. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईला जाऊन गिरणीत राबले, कम्युनिस्ट पक्षाच्या 'लोकयुद्ध' साप्ताहिकात वार्ताहर झाले. त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. शाळेचा दाखला नाही म्हणून ज्याला कुठल्या कचेरीने शिपाई म्हणूनही ठेवले नसते, तो माणूस लाखो वाचकांचा लेखक झाला.

नांद्र्याचे राजा ढाले, सांगली जिल्हाच. 'येरू', 'विद्रोह', 'धम्मलिपी' अशी छोटी पत्रे त्यांनी काढली. १९७२ साल आठवा. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली, बावड्यात बहिष्कार झाला. २९ मे १९७२ रोजी दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्या १५ ऑगस्टला 'साधना'च्या विशेषांकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. ध्वजाच्या अपमानाला मोठी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूला किरकोळ, ही तुलना त्यांनी केली. वाद, निषेध, मोर्चे झाले. पण ज्या घटना कोपऱ्यातल्या बातम्या होत्या त्यांवर सगळ्या महाराष्ट्राला बोलावे लागले. कारण या वेळी लिहिणारा तिऱ्हाईत नव्हता.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधायला रद्दी पेपर यायचे. बेबीताई ते कागद वाचत, आणि घरच्यांना कळू नये अशा बेताने वह्यांत आपली कहाणी लिहून लपवून ठेवत. वीस वर्षे! फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ते लिखाण बाहेर आले, १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. आता गंमत अशी, की हे 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झाले किर्लोस्करवाडीला, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघाली. 'मूकनायक'ही त्याच साली. म्हणजे इथे छापखाना होता, मासिके होती, संपादक होते. पण सांगलीच्या मातीत जन्मलेल्या मासिकाच्या पानावर साताऱ्याच्या महारवाड्यातल्या बाईची कहाणी यायला बावन्न वर्षे लागली. मधल्या बावन्न वर्षांत अशा किती वह्या चुलीत गेल्या असतील?

आजचा हिशेब

आता अलीकडचे पाहू. १९९६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतले प्रतिनिधी केनेथ कूपर, स्वतः कृष्णवर्णीय, भारतातल्या वृत्तपत्रांत दलित पत्रकार शोधत होते. त्यांच्या विचारण्यावरून बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांनी १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनिअर'मध्ये लेख लिहिला. तीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते! सरकारमान्य पत्रकारांची यादी चाळून, दूरध्वनी करूनही त्यांना कोणी सापडला नाही. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या इंग्रजी-हिंदी माध्यमांत निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली : अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वरच्या १२१ पदांची मोजणी केली : १०६ उच्चजातीय, अनुसूचित जाती-जमातींचा पुन्हा एकही नाही.

दुसऱ्या बाजूला लोकसंख्या ठेवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती शंभरात सुमारे बारा. सातारा-सांगलीत साधारण दहा ते तेरा. बौद्ध म्हणून नोंद झालेले महाराष्ट्रात ६५ लाखांवर. एवढे वाचक, एवढे ग्राहक. आणि निर्णयाच्या टेबलापाशी शून्य.

असे का होते? सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत, म्हणून सांगलीच्या आकाशवाणी केंद्रात किंवा जिल्हा माहिती कार्यालयात आपली मुले जाऊ शकतात. वर्तमानपत्र खाजगी. तिथे जाहिरात देऊन भरती क्वचितच होते. ओळखीने, नात्याने माणूस घेतला जातो. "आमच्याकडे जात बघत नाहीत," असे सांगितले जाते, आणि ते खरेही असू शकते. पण ओळख ज्याच्या गोतावळ्यात असते त्याच्याच गोतावळ्यात ती फिरते.

तालुक्याच्या वार्ताहराचे तर आणखी वेगळे. त्याला बहुधा पगार नसतो, थोडेफार मानधन. खरे उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर आणि पेपरच्या एजन्सीवर. साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, पुढाऱ्याचा वाढदिवस : तिथून जाहिराती आणणारा टिकतो. आपल्या पोराला या दारांत कोण उभे करणार? आणि ज्याच्या जाहिरातीवर पोट आहे त्याच्या विरुद्ध बातमी कोण लिहिणार? म्हणून शिकलेले, हुशार पोरही वर्ष-दोन वर्षे हौस करते आणि दुसरी नोकरी बघते. पहाटे सायकलवर पेपर टाकणारी पोरे आपल्याही वस्त्यांत आहेत. आजही बातमी वाहण्याचे काम आपल्याला सहज मिळते. लिहिण्याचे तेवढे अवघड!

शब्दांत काय आहे?

कोणी म्हणेल, बातमी खरी असली म्हणजे झाले, लिहिणारा कोण हे कशाला पाहता? तर उदाहरणेच पाहू. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला तो साधा गुन्हा, खाजगी भानगड म्हणून छापला गेला. त्यात जात होती, जमिनीचा वाद होता, हे मोठ्या वर्तमानपत्रांनी नीट मांडायला जवळजवळ महिना गेला; तोवर लोक रस्त्यावर येऊ लागले होते. २००७ साली आपल्या माण तालुक्यात कुळकजाईला विहीर खोदण्यावरून एका बौद्ध शेतकऱ्याचा खून झाला. १९०१ साली याच जिल्ह्यात एका मुलाला पाणी नाकारले होते, तेही इथे आठवावे. २०२३ साली मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची, बांधकाम चालू असलेली कमान पाडली गेली आणि आपली कुटुंबे गाव सोडून पायी मुंबईकडे निघाली.

अशा प्रसंगी बातमी दोन प्रकारे लिहिता येते. "दोन गटांत वाद, गावात तणावपूर्ण शांतता" असेही लिहिता येते, आणि कोणी काय केले, कोणाचे पाणी तोडले, पोलिसांनी कोणते कलम लावले, असेही लिहिता येते. पहिल्या प्रकारात एकही शब्द खोटा नसतो. तरी मारणारा आणि मार खाणारा एका तराजूत बसतात. कुठल्या घरी जाऊन विचारायचे, पाटलाच्या वाड्यावर की वस्तीत, हे वार्ताहराच्या पायांना जी वाट माहीत असते त्यावर ठरते. सगळे सवर्ण पत्रकार वाईट असतात असे मुळीच नाही. 'साधना'ने ढाल्यांचा लेख छापला, 'स्त्री'ने बेबीताईंना जागा दिली, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. पण दुसऱ्याच्या चांगुलपणावर किती दिवस अवलंबून राहायचे?

आपण काय करावे?

आपली स्वतःची पत्रे निघत राहिली. 'सम्राट', 'महानायक' अशी दैनिके अनेक घरांत गेली. 'प्रबुद्ध भारत' २०१७ पासून पुन्हा निघू लागले. बुंदेलखंडात २००२ पासून 'खबर लहरिया' हे वृत्तमाध्यम ग्रामीण स्त्रिया, त्यांत दलित स्त्रिया, चालवतात. दिल्लीत मीना कोतवाल यांनी २०२१ साली 'द मूकनायक' या नावाने इंटरनेटवर बातम्या सुरू केल्या. मोबाईलने छापखान्याचा खर्च वाचवला हे खरे. पण मोबाईलवर आलेला प्रत्येक मजकूर म्हणजे बातमी नव्हे. कोणी, कुठे, केव्हा, कशावरून, हे विचारून लिहिणे ही शिकण्याची विद्या आहे. बाबासाहेब चोवीस रकाने लिहीत ते नुसत्या रागाने नव्हे, आकडे आणि दाखले तपासून.

म्हणून आपल्या वस्तीसाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत 'जनता'चे, 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, परिषदांची पत्रके असतील तर रद्दीत घालू नका, विहारात आणून द्या. बेबीताईंनी रद्दीतून वाचायला सुरुवात केली. आपण आपला इतिहास रद्दीत देऊ नये.

दुसरी : विहारातल्या मुलामुलींनी एक वर्ष मोजणी करावी. आपल्याकडे येणाऱ्या दोन-तीन पेपरांची कात्रणे ठेवावीत. आपल्या समाजाविषयी किती बातम्या आल्या, त्यांतल्या जयंतीच्या किती, गुन्ह्याच्या किती, शाळा-शेती-पाणी-रोजगाराच्या किती. वस्तीतल्या माणसाचे म्हणणे किती बातम्यांत घेतले. वर्षाच्या शेवटी तो तक्ता संपादकांना नम्रपणे नेऊन दाखवावा. भांडायला जाऊ नये, हिशेब दाखवायला जावे. अमेरिकेत जे संपादकांच्या संघटनेने केले ते इथे वाचकांनी केले तर काय बिघडले?

तिसरी : डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, पोलीस हे ठीकच. पण एखादी मुलगी, एखादा मुलगा म्हणाला, की मला बातमीदार व्हायचंय, तर "त्यात काय मिळतंय?" म्हणून त्याला गप्प बसवू नका. सुरुवातीची दोन-तीन वर्षे त्याला मानधनावर काढावी लागतात. तिथेच आपली पोरे गळतात. विहार बांधायला आपण वर्गणी काढली, तशी एका होतकरू बातमीदाराला तेवढी वर्षे तग धरता येईल इतकी मदत वस्तीने करणे काही अशक्य नाही. शाहू महाराजांनी 'मूकनायका'ला दिलेले अडीच हजार हे असेच दिले होते.

आपल्या वाडवडिलांनी गावाची बातमी इमानाने वाहिली. पुरात वाहिली, अंधारात वाहिली, एकही सांगावा वाटेत टाकून दिला नाही. ते इमान आपल्या रक्तात आहे. आता ती बातमी लिहिण्याची पाळी आपली. उंबऱ्याबाहेर उभे राहून नव्हे, टेबलापाशी बसून.

जय भीम!